स्क्रीन रीडरला तुमचं बटण कळतं का?
फोनमध्ये टॉकबॅक स्क्रीन वाचून दाखवतं, तसंच कम्प्युटरवर एनव्हीडीए. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने ते 2006 मध्ये सुरू केलं. ते मोफत आहे.

वणीतल्या एका दुकानासाठी मी बिलिंग सॉफ्टवेअर बनवलं. तिथे कामाला लागलेल्या अंध मित्राला प्रत्येक आयकॉनवर फक्त "बटण" ऐकू यायचं. सेव्ह कोणतं, डिलीट कोणतं, कळेना. चूक माझीच होती.

स्क्रीन रीडर चित्र बघत नाही. विंडोजच्या यूआय ऑटोमेशनकडून बटणाचं नाव, प्रकार, स्थिती विचारतो. मी नावच दिलं नव्हतं.

म्हणून प्रत्येक बटणाला नाव द्या, टॅबचा क्रम नीट लावा. मग कंट्रोल+विंडोज+एंटर दाबून नॅरेटर सुरू करा आणि माउसला हात न लावता, डोळे मिटून एक बिल बनवून बघा.