अंमल उतरताना : चिंताशामक औषधांच्या क्रमत्यागाचा इतिहास

‘अंमल’ हा मूळचा अरबी शब्द मराठीत दोन अर्थांनी रुळला आहे. एक अर्थ राज्यसत्ता, दुसरा द्रव्याचा शरीरावरील प्रभाव. दोन्ही अंमल एकाएकी उठले तर मागे अव्यवस्था माजते, हा अनुभव जुना आहे. तथापि वैद्याने लिहून दिलेल्या गोळीचाही असा अंमल बसतो, हे विसाव्या शतकातील वैद्यकाला फार उशिरा उमगले. या विलंबाची कारणे तपासणे उद्बोधक ठरते.

सवय क्रमाक्रमाने सोडावी हा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम न टाकता पादांशाने कमी करावी व तितक्याच प्रमाणात हितकर गोष्ट वाढवावी, असे सांगितले आहे. त्यातील दिवसांचे अंतर आजच्या औषधांना लागू पडणारे नाही. परंतु शरीर ज्या वस्तूशी सात्म्य पावले ती वस्तू अपायकारक असली तरी तिचा आकस्मिक त्याग हाही अपायच, हे तत्त्व तेथे स्पष्ट आहे.

याच तत्त्वाचा प्रयोग स्वतंत्र भारताने अफूच्या बाबतीत राष्ट्रीय प्रमाणावर केला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी त्या प्रांताचा दारूबंदी कायदा झाला आणि त्याच वर्षी अखिल भारतीय अफू परिषदेने तोंडाने अफू घेण्याची प्रथा दहा वर्षांत संपविण्याचे ठरविले. केंद्राकडून राज्यांना मिळणारा साठा दरवर्षी एक-दशांशाने घटवीत १९५९ मध्ये संपवावयाचा, अशी ही योजना होती. वैद्यकीय कारणास्तव नोंदलेल्या व्यसनी व्यक्तींना तेवढी मुभा राहिली.

मात्र कोठाराच्या हिशेबात जो दशांश सारखा असतो, तो शरीराच्या हिशेबात सारखा नसतो. दहा भागांचे नऊ झाले तर एक-दशांश घटतो. दोनाचा एक झाला तर निम्मे घटते. आणि शेवटचा भाग गेला की सर्वस्व जाते. ज्याला आपण ‘उरलेला थोडासा’ भाग म्हणतो, तोच सोडण्यास अवघड असतो, याचे एक कारण या साध्या गणितात आहे.

चिंताशामक औषधांचा इतिहास नेमका याच सुमारास सुरू होतो. बेन्झोडायझेपिन वर्गातील पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० मध्ये ‘लिब्रियम’ या नावाने विक्रीस आले. डायझेपाम १९६३ मध्ये आले. बार्बिच्युरेटांच्या मानाने ती निर्धोक म्हणून त्यांचे स्वागत झाले. वस्तुतः १९६१ मध्येच हॉलिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मात्रा घेणाऱ्या अकरा रुग्णांचे औषध एकदम थांबविले, तेव्हा दहांना नवी लक्षणे जाणवली आणि दोघांना झटके आले. परंतु हा मोठ्या मात्रेचा दोष असे समजले गेले. नेहमीच्या मात्रेनेही दीर्घ सेवनानंतर हेच घडते, हे पीटरसन व लेडर यांनी १९८१ मध्ये दाखविले. मधली वीस वर्षे असंख्य रुग्णांची तक्रार ऐकूनही न ऐकल्यासारखी झाली.

याचे मूळ लक्षणांच्या स्वरूपात आहे. गोळी कमी होताच अस्वस्थता, निद्रानाश, छातीत धडधड, कंप, आवाज व प्रकाश असह्य होणे, असे त्रास होतात. यांतील पहिली दोन मूळ आजाराचीच लक्षणे असल्याने ‘आजार उलटला’ असा निष्कर्ष निघे आणि गोळी पुन्हा सुरू होई. गोळीने निर्माण केलेला त्रास गोळीच्या आवश्यकतेचा पुरावा ठरे.

हा फेरा तोडण्याचे श्रेय मोठ्या अंशी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील हेदर ॲश्टन यांना दिले पाहिजे. १९८२ ते १९९४ या काळात त्यांनी केवळ या रुग्णांसाठी चिकित्सालय चालविले. अल्पकाळ टिकणाऱ्या औषधाऐवजी दीर्घकाळ टिकणारे डायझेपाम द्यावे, मग चालू मात्रेच्या सुमारे दशांशाने आठवड्या-दोन आठवड्यांनी घट करावी, मात्रा उतरेल तसे टप्पे लहान करावे आणि गती रुग्णाच्या सोसण्यावर ठेवावी, ही त्यांची पद्धत. अफूयोजनेपासून तिचे वेगळेपण येथे दिसते : दशांश मूळ साठ्याचा नव्हे, उरलेल्या मात्रेचा. २०२५ मधील अमेरिकी वैद्यकसंस्थांच्या संयुक्त मार्गदर्शनातही दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के घट आरंभी सुचविली आहे. हे सर्व वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावयाचे. आकस्मिक त्यागाने येणारे झटके प्राणघातकही ठरू शकतात.

भारतात १९८५ च्या कायद्याने ही द्रव्ये नियंत्रणाखाली आली. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम इत्यादींच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक झाले. या नियमांनी गोळी मिळण्याची वाट अरुंद केली. ती सोडण्याची वाट मात्र नियम दाखवीत नाहीत. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याला ती अचानक मिळेनाशी झाली, तर नियंत्रणाचीच परिणती आकस्मिक त्यागात होते.

शेवटी प्रश्न शब्दाचा उरतो. अशा रुग्णाला आपली भाषा सहजपणे ‘व्यसनी’ म्हणते आणि त्या शब्दाच्या लज्जेने तो गप्प राहतो. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राजा, अमात्य, कोश यांच्यावर ओढवणाऱ्या संकटांनाही ‘व्यसन’ म्हटले आहे. मराठी व्यवहारात त्या शब्दाचा दुर्गुण हा अर्थ उरला, आपत्ती हा अर्थ मागे पडला. वैद्याच्या आज्ञेने गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत हा मागे पडलेला अर्थच अधिक न्याय्य आहे. त्याच्यावर दोष नव्हे, संकट आले आहे; आणि संकटातून माणसाला पायरीपायरीने उतरवून घ्यावे लागते.