एका विशेषणाची जरब

अण्वस्त्रधोरण हे मुळात शब्दांतच वावरते. अस्त्र वापरण्याची वेळ आली, तर धोरण फसले असेच म्हणावे लागेल. म्हणून त्यातील प्रत्येक शब्द शत्रूला खरा वाटला पाहिजे.

मे १९९८ मधील पोखरणच्या चाचण्यांनंतर के. सुब्रह्मण्यम निमंत्रक असलेल्या सल्लागार मंडळाने १७ ऑगस्ट १९९९ रोजी भारताच्या धोरणाचा मसुदा मांडला. 'प्रथम वापर नाही' हे त्याचे सूत्र. अण्वस्त्रहल्ला झालाच, तर प्रत्युत्तर 'दंडात्मक' असेल, असे त्यात म्हटले होते. ४ जानेवारी २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने धोरण जाहीर केले, तेव्हा मूळ इंग्रजी मजकुरातील हे विशेषण बदलून 'प्रचंड' अशा अर्थाचे आले. मोठ्या जैविक वा रासायनिक हल्ल्यालाही अण्वस्त्रांनी उत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवण्यात आला.

दंडाला प्रमाण असते; प्रचंडतेला कुठले? २०११ साली पाकिस्तानने सुमारे ६० किलोमीटर पल्ल्याच्या 'नस्र' क्षेपणास्त्राची चाचणी घेतली आणि हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. पाकिस्तानी भूमीत शिरलेल्या भारतीय सैन्यावर असे एखादे लहान अण्वस्त्र पडले, तर उत्तरादाखल शहरेच्या शहरे बेचिराख करायची? केली, तर आपल्या शहरांवरही तोच प्रसंग ओढवेल; न केली, तर दिलेला शब्द पोकळ ठरेल.

१६ ऑगस्ट २०१९ रोजी पोखरणमध्येच संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी 'प्रथम वापर नाही' या सूत्राचे भवितव्य परिस्थितीवर अवलंबून राहील, असे सांगितले. वाद झाला तो त्या सूत्रावर. 'प्रचंड' या विशेषणाची तितकी झाडाझडती अजून व्हायची आहे.