शिवराईवरील लेखनभेद : लिलावातील एका पिशवीच्या निमित्ताने

नाण्यांच्या लिलावयाद्यांत ‘शिवराई, तांबे, लेखनदोष, दुर्मिळ’ अशा धर्तीची नोंद आढळते. भाषेच्या अभ्यासकास हा ‘दोष’ सहजासहजी मान्य होत नाही. दोष ठरविण्यापूर्वी नियम कोणता होता, आणि ठसा कोरणाऱ्यास तो ठाऊक होता काय, हे पाहावे लागते. यादीकार आजच्या शाळेतील शुद्धलेखन जुन्या टांकसाळीस लावतो आणि त्याच दोषाबद्दल ग्राहकाकडून जादा मोल घेतो, ही ह्यातील गंमत होय.

शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे ६ जून १६७४ रोजी, शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या नावाचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ह्या दोहोंवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा देवनागरी लेख असून भोवती टिंबांचे वर्तुळ असते. ज्या राज्यात राज्यव्यवहारकोश रचवून फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजिले गेले, त्या राज्याच्या नाण्यावर असा लेख यावा हे सुसंगतच आहे. होन आज अगदी मोजके उपलब्ध आहेत. त्यांच्याविषयी येथे लिहावयाचे नाही. शिवराई मात्र विपुल. हाच लेख पुढे पेशवाईच्या काळातही ठिकठिकाणी पाडला जात होता, आणि एकोणिसाव्या शतकातही हे पैसे बाजारात चालत होते. तेव्हा ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे दिसताच नाणे महाराजांच्या हयातीतील ठरविणे धाडसाचे आहे. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ शिवराई तर उघडच उत्तरकालीन होय.

आता लेखनभेदांकडे वळू. ‘शिव’ ह्याच्या जागी ‘सिव’, ‘शीव’, ‘सीव’; आणि ‘छत्रपति’ ह्याच्या जागी ‘छत्रपती’, ‘छत्रपत’, अशी रूपे मिळतात. ह्यांपैकी ‘ती’ आणि ‘सी’ ह्यांचा उलगडा मोडीच्या वळणावरून होतो असे आमचे मत आहे. मोडी लिहिणारा ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद पाळीत नसे. बहुधा एकच दीर्घ वेलांटी तो सर्वत्र देई. श आणि स ह्यांची अदलाबदलही मोडी कागदांत नित्याची आहे. खुद्द महाराजांचे नाव ‘सिवाजी’ असे लिहिलेले आढळते. बालबोध अक्षरे कोरणाऱ्या कारागिराचा, किंवा त्यास नमुना लिहून देणाऱ्याचा, हात मोडीत मुरलेला असला की नाण्यावर ‘छत्रपती’ उमटणारच. हा दोष नव्हे. दोन लिपींच्या सवयी एका ठशावर एकत्र आल्याचा तो पुरावा आहे. ‘सिव’ ह्या रूपावरून उच्चारही दंत्य होता असा निष्कर्ष काही जण काढतात, तो मात्र घाईचा वाटतो. मराठीत इकारापूर्वी तालव्य ‘श’ हाच सामान्य उच्चार. लेखनातील स हा केवळ हाताच्या सवयीचा असू शकतो.

‘छत्रपत’ ह्या रूपाविषयी विशेष सावध राहिले पाहिजे. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे लेखाचा काही भाग चकतीबाहेर राहतो, ही शिवराईची नेहमीची स्थिती. ‘ति’ची वेलांटी प आणि त ह्यांच्या मध्ये येते, ही दोन्ही अक्षरे स्वच्छ असतील तर, नाणे झिजल्याखेरीज, ती हरवण्याचे कारण नाही. ‘ती’ची वेलांटी मात्र उजव्या कडेस असते आणि चकती डावीकडे सरकली की तीच प्रथम कापली जाते. म्हणून त-च्या उजवीकडे मोकळी जागा आणि तिच्यापलीकडे टिंबांचे वर्तुळ दिसत असेल, तरच ‘छत्रपत’ हे वाचन स्वीकारावे. ‘अतिदुर्मिळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘छत्रपत’पैकी कित्येक नाणी ही कड कापलेली साधी ‘छत्रपती’च असावीत.

इतके भेद का झाले, ह्याचे कारण टांकसाळींच्या व्यवस्थेत आहे. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी मराठ्यांच्या चलनावरील आपल्या निबंधात दाखविल्याप्रमाणे पेशवे सरकार खाजगी व्यक्तींस टांकसाळी चालविण्याच्या सनदा देई आणि नाण्याचे वजन ठरवून देई. सरकारची काळजी वजनाची होती, वेलांटीची नव्हती. ठसे हाताने कोरले जात, शिवाय अक्षरे उलटी कोरावी लागत. गावोगावच्या त्या हातांचे वळण ओळखता आले, तर कोणते नाणे कोठले हे सांगण्याची आशा आहे, कारण शिवराईवर टांकसाळीचे नाव नसते.

येथेच लिलावाची अडचण उभी राहते. काही वर्षांपूर्वी एका लिलावापूर्वीच्या प्रदर्शनात आम्हांस शिवराईंची एक पिशवी दोन तास हाताळावयास मिळाली. माती अजून अक्षरांत भरलेली होती. नाणी एकत्र सापडली असावीत, असे त्यांच्या हिरव्या पुटावरून दिसे. त्यांत ‘सीव’ असलेली दोन नाणी एकाच ठशाची निघाली : दोहोंवरही ज-च्या पोटात तीच बारीक चीर होती. एकाच ठशाची नाणी एकत्र मिळणे म्हणजे ती टांकसाळीपासून फार दूर गेली नसावीत, असा तर्क करता येतो. पिशवी कोठे मिळाली ते कळते, तर त्या ठशाचा प्रदेश बांधता आला असता. विचारल्यावर ‘जुना संग्रह’ एवढेच उत्तर मिळाले. १८७८ च्या निखातनिधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. ‘जुना संग्रह’ हे शब्द किती कामाचे आहेत, हे त्यावरून ध्यानात यावे.

आम्ही पातळ कागदावर शिसपेन्सिलीने जमतील तितके ठसे घेतले. विभागाच्या तुटपुंज्या पैशांत पिशवी घेणे शक्य नव्हतेच. शिवाय लिलावाच्या दिवशी ती पिशवी म्हणून राहिली नव्हती. ‘दोष’ असलेली नाणी निवडून, आंबट पाण्यात घासून लखलखीत करून स्वतंत्र मांडली होती, आणि ‘सीव’ची ती जुळी नाणी दोन निराळ्या ग्राहकांकडे गेली. त्यांतील एकावरची ज-मधील चीर घासण्यात जवळजवळ नाहीशी झाली होती. ती दोन्ही नाणी एका ठशाची होती, ह्याला आता आमच्या पेन्सिलीच्या ठशांखेरीज आधार नाही; ते विभागाच्या कपाटात ठेवले आहेत आणि कोणाही अभ्यासकास पाहता येतील.