वाळूतला हिमालय

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, एअर शहराच्या उत्तरेस, प्रेस्टविक नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे हिमालय आहे, आल्प्स आहे आणि सहाराचे वाळवंटही आहे. आणि ही तिन्ही स्थळे पालथी घालून माणूस दुपारच्या चहाला परत येऊ शकतो. भूगोलाच्या नकाशात ही नावे शोधण्याचे कारण नाही. प्रेस्टविक गोल्फ क्लबच्या मैदानावरील पाचव्या होलास ‘हिमालय’ म्हणतात, सतराव्यास ‘आल्प्स’ आणि त्या आल्प्सपलीकडे दडून बसलेल्या विस्तीर्ण बंकरला ‘सहारा’. सिमला, नैनिताल किंवा दार्जिलिंग येथे नोकरीची वर्षे काढलेल्या आमच्या वाचकांना या हिमालयाची उंची ऐकून हसू येईल. वाळूचा एक उंच बांध, त्यावर गवत, एवढेच त्याचे स्वरूप. परंतु हातात काठी, पुढ्यात चेंडू, समोर तो बांध आणि पलीकडचा झेंडा दृष्टीस पडत नाही, अशा अवस्थेत जो उभा राहिला आहे त्याला या नावात फारशी अतिशयोक्ती वाटणार नाही.

अशा जमिनीला ‘लिंक्स’ म्हणतात. जोडणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा संबंध नाही. उंचवटा, टेकाड अशा अर्थाचा तो जुना शब्द आहे. समुद्र आणि शेती यांच्या मधला हा पट्टा होय. कोकणातल्या माणसाने पुळण ओलांडून माडांच्या वाडीकडे येतानाची ओसाड, वाळूची, काही न पिकणारी भूमी डोळ्यांपुढे आणावी. फक्त माडांच्या जागी काटेरी पिवळ्या फुलांची झुडपे आणि दमट उष्म्याच्या जागी हाडे गोठविणारा वारा कल्पावा. हिमयुगानंतर समुद्र मागे हटला, त्याने टाकलेली वाळू वाऱ्याने उचलून तिचे ढीग घातले, आणि गवताच्या मुळ्यांनी ते ढीग जागच्या जागी बांधून ठेवले. नांगराला ही भूमी निरुपयोगी, म्हणून ती गावाची राहिली. सशांनी आणि मेंढ्यांनी गवत आखूड ठेवले. वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून मेंढ्या ज्या खळग्यांत अंग घासत बसत, त्यांचेच पुढे बंकर झाले असे परंपरेने सांगतात. तात्पर्य, या खेळाचे पहिले मैदान कोणी आखले नाही. जमीन होती तशीच होती आणि तिच्या चढउतारांतून खेळाचे नियम हळूहळू घडत गेले. १४५७ साली राजा दुसरा जेम्स याच्या कारकीर्दीत स्कॉटलंडच्या पार्लमेंटने फुटबॉलबरोबर या खेळावर बंदी घातली, कारण प्रजा धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावू लागली होती. ती बंदी कितपत पाळली गेली हे आज त्या किनाऱ्यावर दिसतेच.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांच्या लक्षात आणून देणे आवश्यक आहे. प्रेस्टविकचा क्लब १८५१ सालचा. कलकत्त्याचा गोल्फ क्लब त्याच्याही आधीचा, १८२९ सालचा, आणि ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना क्लब म्हणून त्याची ख्याती आहे. मुंबईतही १८४२ साली असा क्लब निघाला होता. म्हणजे प्रेस्टविकच्या लोकांनी आपली वाळू मोजून घेण्यापूर्वीच हा खेळ कंपनी सरकारच्या चाकरांबरोबर हुगळीच्या काठी येऊन पोहोचला होता. स्कॉट लोक चाकरीसाठी जगभर गेले आणि जाताना आपली काठी बरोबर घेऊन गेले. आपण मराठी मंडळी परप्रांती गेलो की गणेशोत्सव आणि नाटक बसवितो. त्यांनी आठ-दहा भोके पाडली. यांतले अधिक शहाणपणाचे कोणते, याचा निवाडा करण्याचे आमच्या मनात नाही.

प्रेस्टविकची कथा खऱ्या अर्थाने एका बदलीची कथा आहे. सेंट अँड्रूज येथे ॲलन रॉबर्टसन हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. त्याचा धंदा चेंडू बनविण्याचा. चेंडू म्हणजे चामड्याची लहानशी पिशवी, तिच्यात उकडलेली पिसे ठासून भरलेली. कसबी कारागिराच्या हातून दिवसाकाठी तीन-चार चेंडू तयार होत, म्हणून ते महाग, आणि पावसात भिजले की निकामी. रॉबर्टसनच्या हाताखाली टॉम मॉरिस नावाचा तरुण शिकला आणि कामाला राहिला. इतक्यात, १८४८ च्या सुमारास, मलायातील झाडांच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू आला. तो स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि फुटला तर तापवून पुन्हा वळता येत असे. या गटापर्चाविषयी सेंट अँड्रूजमध्ये अशी एक कथा सांगतात की, पूर्वेकडून तेथील एका कुटुंबास विष्णूची संगमरवरी मूर्ती आली, ती ज्या चिवट पदार्थात गुंडाळली होती त्याचाच कोणी पहिला चेंडू वळला. कथा खरी की खोटी, ती आम्हांस सोडवत नाही. शेषशायी भगवंताने या खेळालाही हात लावला असेल तर ते त्याच्या लौकिकास साजेसेच आहे.

रॉबर्टसनला मात्र या नव्या चेंडूत आपल्या धंद्याचे मरण दिसले. मॉरिस त्या चेंडूने खेळताना त्याच्या दृष्टीस पडला, आणि गुरुशिष्यांचे फाटले. पुढे १८५१ साली कर्नल जेम्स ओगिल्व्ही फेअरली या त्याच्या आश्रयदात्याने त्याला पश्चिम किनाऱ्यावर, नव्या प्रेस्टविक क्लबाच्या मैदानाचा रखवालदार म्हणून नेले. त्या वेळी मॉरिस तिशीचा होता. बरोबर पत्नी आणि काही महिन्यांचा मुलगा. ओळखीचे गाव, आप्तांचा गोतावळा आणि जन्मापासूनचे मैदान सोडून हा माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या बोलीच्या लोकांत गेला. ज्यांच्या सामानाला बिऱ्हाडबाजल्याची सवय झाली आहे अशा आमच्या वाचकांना या प्रसंगाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

जागा अपुरी होती. सेंट अँड्रूजने १७६४ साली आपली २२ होल्स १८ वर आणली होती, पण अठरा हा आकडा अजून सर्वत्र शिरोधार्य झाला नव्हता. मॉरिसने या टेकाडांत १२ बसविली. वाटा एकमेकींना छेदीत, टेकड्यांवरून उड्या मारीत. जमीन सपाट करण्याची साधने नव्हती आणि पैसाही नव्हता. म्हणून टेकडी आली की तिच्यावरून चेंडू मारावा, एवढाच उपाय. आज ज्याला प्रेस्टविकचे वैशिष्ट्य म्हणतात ते मुळात असे अडचणीतून जन्मले.

१८५९ साली रॉबर्टसन वारला. आता श्रेष्ठ कोण, हा प्रश्न उरला. प्रेस्टविकने तो सोडविण्यासाठी १७ ऑक्टोबर १८६० रोजी आठ व्यावसायिक खेळाडू बोलाविले, आणि एकाच दिवसात बारा होल्सच्या तीन फेऱ्या खेळविल्या. मसलबराच्या विली पार्कने १७४ फटक्यांत सामना जिंकला; टॉम मॉरिसला १७६ लागले. बक्षीस म्हणून रोख रक्कम नव्हती. लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीच्या बकलाचा कमरपट्टा होता, आणि सलग तीन वर्षे जिंकेल त्याचा तो कायमचा, अशी अट होती. कमरपट्टाच का, याचे आम्हांला नवल वाटत नाही. क्लबाचे पहिले कप्तान अर्ल ऑफ एग्लिंटन हे तेच गृहस्थ, ज्यांनी १८३९ साली आपल्या वाड्यापुढे मध्ययुगीन वीरांचे भाल्यांचे द्वंद्व भरविले होते आणि ज्याचा पावसाने चिखल केला होता. चिलखतांचा तो हौशी शौक पट्ट्याच्या रूपाने वाळूत पुन्हा उगवला, असे आम्ही मानतो. पुढील वर्षी ही स्पर्धा हौशी खेळाडूंसही खुली झाली, आणि आज जगभर गाजणारी ‘ओपन’ ती हीच.

काही वर्षांपूर्वी विलायतेच्या प्रवासात आम्हांस या मैदानावर एक फेरी खेळण्याचा योग आला. पहिल्याच होलच्या उजव्या अंगाला दगडी भिंत आणि भिंतीपलीकडे आगगाडीचा रूळ. स्टेशन इतके जवळ की फलाटावरचे उतारू आपला पहिला फटका पाहतात. तिसऱ्यावर ‘कार्डिनल’ नावाचा प्रचंड बंकर वाट आडवून बसला आहे. त्याची भिंत रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांची. १९०८ साली जेम्स ब्रेड या खेळाडूला येथे एका फेरीत आठ फटके लागले, आणि तरीही त्याने ती स्पर्धा आठ फटक्यांच्या अंतराने जिंकली. या नोंदीने सामान्य खेळाडूला जेवढा धीर येतो तेवढा कोणत्याही उपदेशाने येणार नाही.

मग हिमालय. सुमारे दोनशे यार्डांचे अंतर. पण डोळ्यांना दिसतो तो केवळ बांध आणि त्याच्या अंगावर बसविलेल्या रंगीत तबकड्या. आपण ज्या रंगाच्या टीवरून खेळतो त्या रंगाच्या तबकडीवरून चेंडू मारावा, इतकेच मार्गदर्शन. फटका मारला, चेंडू आकाशात गेला, आणि मग सारे शांत. बांध चढून माथ्यावर येईपर्यंत पलीकडे काय झाले ते कळत नाही. पलीकडचा खेळ संपला की मंडळी घंटा वाजवितात, तेव्हा मागच्यांनी मारावे. देवळाबाहेर घंटा, मैदानावरही घंटा. आम्हांला ती फार आवडली. माथ्यावरून क्लाइडची खाडी, अरन बेटाचे डोंगर आणि समुद्रात एकटाच उभा असलेला एल्सा क्रेगचा खडक दिसतो. वारा असा की टोपी सांभाळावी की काठी, हा प्रश्न पडावा.

या आंधळ्या फटक्यांवर फार टीका झालेली आहे. जे दिसत नाही त्यावर नेम धरायला लावणे अन्यायाचे, नशिबाच्या हाती खेळ देणारे, असे टीकाकार म्हणतात. युक्तिवाद पोकळ नाही. परंतु सतराव्या आल्प्सवर उभे राहिल्यावर आमचे मत निराळे झाले. येथे दुसरा फटका सबंध टेकडीवरून मारावयाचा, आणि टेकडीमागे सहारा टपून बसलेला. या टेकडीला मॉरिसने बारा होल्सच्या जुन्या आखणीतच स्थान दिले होते, आणि मोठ्या स्पर्धांच्या मैदानांवर आज टिकून असलेले हे सर्वांत जुने होल मानतात. येथे डोळ्यांचा उपयोग नाही. उपयोग आहे तो आठवणीचा. ज्याने ही टेकडी शंभरदा ओलांडली आहे त्याला पलीकडचे सर्व दिसत असते. येथे पाहुण्याची आणि रहिवाशाची पारख होते, आणि ती अन्यायाची आहे असे आम्ही म्हणणार नाही.

या मैदानाचा खरा रहिवासी कोण, तर टॉम मॉरिसचा तोच मुलगा. नाव बापाचेच, टॉम. लोक त्याला धाकटा टॉम म्हणत. तो जन्मला सेंट अँड्रूजला, पण वाढला येथे, शिकला एअरच्या शाळेत, आणि चालू लागल्यापासून या टेकाडांवरच हिंडला. १८६४ साली सेंट अँड्रूजच्या क्लबाने वर्षाला पन्नास पौंडांवर थोरल्या टॉमला परत बोलाविले. बाप स्वगृही गेला. तेरा वर्षांच्या मुलाचे स्वगृह कोणते होते, हे ज्यांची मुले परप्रांतात शाळेत गेली त्या वाचकांनीच ठरवावे. बापाने १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ साली पट्टा जिंकला. शेवटच्या वेळी तो ४६ वर्षांचा होता, आणि इतक्या वयात ही स्पर्धा अद्याप कोणी जिंकलेली नाही. पुढच्याच वर्षी, १८६८ साली, सतरा वर्षांच्या मुलाने तो पट्टा घेतला. १८६९ साली मुलगा पहिला, बाप दुसरा. १८७० साली मुलाने ३६ होल्स १४९ फटक्यांत संपविली. पुढचे दोघे बारा फटके मागे राहिले. त्याच दिवशी ५७८ यार्डांचे पहिले होल त्याने तीन फटक्यांत घेतले, तेही लाकडी काठ्यांनी आणि गटापर्चाच्या चेंडूने.

अटीप्रमाणे पट्टा त्याचा झाला, आणि बक्षीसच उरले नाही म्हणून १८७१ साली स्पर्धा भरलीच नाही. १८७२ साली प्रेस्टविक, सेंट अँड्रूज व एडिंबरा येथील तीन क्लबांनी मिळून चांदीचा चंबू द्यावयाचे ठरविले. त्यावर पहिले नाव कोरले गेले तेही याच मुलाचे. सप्टेंबर १८७५ मध्ये बापलेक नॉर्थ बेरिक येथे पार्क बंधूंविरुद्ध खेळत असता घरून तार आली. एका बोटीने खाडी ओलांडून ते निघाले, पण मुलाची पत्नी आणि नवजात बालक दोघेही गेले होते. त्यानंतर धाकटा टॉम चार महिनेही जगला नाही. त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी, चोविसाव्या वर्षी, तो वारला. थोरला टॉम १९०८ पर्यंत, ८६ वर्षांचा होऊन, पत्नी व सर्व अपत्ये यांच्या मागे राहिला. तो लाल पट्टा आज सेंट अँड्रूज येथे आहे.

प्रेस्टविकने ही स्पर्धा एकूण चोवीस वेळा भरविली. सेंट अँड्रूजखेरीज इतका मान दुसऱ्या कोणास नाही. शेवटची १९२५ ची. स्कॉटलंडमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेला मॅकडोनल्ड स्मिथ अखेरच्या फेरीस पाच फटक्यांनी पुढे होता. त्याला जिंकताना पाहण्यासाठी आगगाड्या भरभरून लोक लोटले. टेकाडांमधल्या अरुंद वाटांत ती गर्दी मावेना, आवरेना. खेळाडूला चेंडूपर्यंत जाण्यास वाट मिळेना. स्मिथला ८२ फटके लागले आणि जिम बार्न्स विजयी झाला. पुढील वर्षापासून प्रेक्षकांना तिकीट लागू झाले, आणि स्पर्धा पुन्हा प्रेस्टविकला आली नाही. मैदान वाईट होते म्हणून नव्हे; बारा होल्सच्या सोयीने वापरलेली ती टेकाडे हजारोंच्या सोयीची नव्हती.

पुढे मैदानाची अठरा होल्स झाली, तेव्हा जुन्या बारांची आखणी मोडली. काही ग्रीन मात्र जुन्याच जागी राहिले. क्लबाच्या इमारतीजवळ दगडांची एक रास रचून ठेवली आहे. १८६० साली आठ जणांनी पहिला फटका मारला तो तेथून. तेथे उभे राहून आम्ही ते ५७८ यार्ड नजरेने मोजण्याचा यत्न केला. वारा समोरून होता.