मसूदीची तक्रार आणि नारंगाचे फूल

हिजरी सन ३०४, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास, बगदादचा अल्-मसूदी हा प्रवासी कोकणात चौलच्या बंदरी आला होता. चौलला तो सैमूर म्हणतो. तेथील शिलाहार राजा झंझ याचा त्याने केलेला उल्लेख आपले इतिहासकार आवर्जून सांगतात. त्याच मसूदीने एका झाडाविषयी जे लिहून ठेवले, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

तो म्हणतो की, हिजरी ३०० नंतर नारंगाचे झाड हिंदुस्थानातून नेऊन प्रथम ओमानात लावले. पुढे ते बसरा, इराक, शाम असे पसरले. पण मायभूमीची हवा, माती आणि पाणी अंतरल्यामुळे त्याचा मूळचा सुवास व रंग नाहीसा झाला.

हे नारंग म्हणजे नागपूरचे संत्रे नव्हे. पपनस आणि संत्र्याचे कूळ यांच्या संकरातून जन्मलेले हे कडवट, आंबट फळ. सोलून खावे असे ते नाही. त्याचे खरे वैभव फुलात.

परदेशी गेलेल्या या झाडाने आपले नाव मात्र टाकले नाही. संस्कृतातले नारंग फारशीत नारंगच राहिले, अरबीत नारंज झाले, आणि इटली-फ्रान्सला पोचेपर्यंत आरंभीचा 'न' गळून त्याचे ओरांज झाले. अरबांनी स्पेनमध्ये त्याच्या बागा केल्या आणि फुलांपासून सुगंधी जल काढले. स्पॅनिश भाषेत या फुलाला जो शब्द आहे, तो अरबी 'झहर'वरून आलेला. झहर म्हणजे नुसते फूल; जणू जगात दुसरे फूलच नाही!

त्याच्या अत्तराला नाव मिळाले ते एका सरदारस्त्रीमुळे. रोमजवळच्या नेरोला गावची जहागीर ओर्सिनी घराण्याकडे होती. त्या घरची सून मारी-आन हिने सतराव्या शतकात आपले हातमोजे या अत्तराने सुगंधित करण्याची चाल पाडली आणि त्यावरून त्याला 'नेरोली' म्हणू लागले, असे सांगतात. हीच बाई पुढे स्पेनच्या दरबारात राज्यकारभाराची सूत्रे हलवीत होती. १७१४ साली नव्या राणीने तिला एका रात्रीत हाकलून दिले. तिचे राजकारण आज कोणाला आठवते? हातमोज्यांचा वास मात्र टिकला.

१७०९ मध्ये कोलोन शहरी फारिना या इटालियन घराण्याची पेढी निघाली. तिच्या सुगंधी जलातही नेरोली होतीच. आपल्याकडे ताप चढला की कपाळावर यूडीकोलनची पट्टी ठेवीत, ती याच जलाच्या वंशातली. घर सोडून गेलेले नारंग असे पाहुण्याच्या वेषात आपल्या आजारपणात येऊन बसत होते, आणि आपण त्याला ओळखलेही नाही.

या अत्तराला कष्ट फार. सुमारे १,००० किलो फुले हाताने वेचून ऊर्ध्वपातन करावे, तेव्हा १ किलो तेल हाती येते. फ्रान्समधील व्हालोरिस गावच्या बागाइतदारांनी १९०४ साली 'नेरोलियम' नावाची सहकारी संस्था काढली; पण फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीने तिकडच्या बागा होरपळल्या. प्रयोगशाळेत बनणारी स्वस्त सुगंधी द्रव्येही स्पर्धेत उतरली होती. आज ट्युनिशियातील नाबल गावी वसंतात ही फुले खुडली जातात. खुडणाऱ्या बायकांपैकी कोणाचे नाव अत्तराला मिळत नाही, हे सांगायला नकोच.

वर्गात इतिहास शिकवताना 'हे मूळचे आपलेच' असे म्हणण्याचा मोह मला होतो. मुलांना ते आवडतेही. पण नारंगाची कथा तेथे थांबू देत नाही. झाड आपले, शब्द आपला, हे खरे. परंतु ज्या सुगंधासाठी मसूदी हळहळला, तो त्याच्याच भाषेच्या लोकांनी भट्टीवर फुले चढवून घरोघर पोचविला. सुवास मातीत असतो तसाच तो राबणाऱ्या हातांतही असतो. आपल्या मराठीत नारंगाचा 'नारिंगी' हा रंग तेवढा झाला. त्याचा गंध व्हायचा राहून गेला.