हातपाय नसलेले चाचे

१९९७ साली अमेरिकेतल्या मुलांसाठी एक व्हिडिओ कॅसेट आली. तिच्यातल्या एका विनोदी गाण्यात काकडी, द्राक्ष आणि भोपळा असे तिघे चाचे आपण आयुष्यात काय काय केलेले नाही ते ठसक्यात सांगतात. लूट नाही, लढाई नाही, सफर नाही. घरात लोळत पडायचे, बस्स. ११ जानेवारी २००८ रोजी याच तिघांचा पूर्ण लांबीचा चित्रपट युनिव्हर्सल पिक्चर्सने अमेरिकेत प्रदर्शित केला: ‘द पायरेट्स हू डोन्ट डू एनीथिंग’.

मधल्या वर्षांत या भाज्यांच्या निर्मात्यांवर बरेच काही कोसळले होते.

फिल व्हिशर आणि माइक नॉरॉकी यांची मैत्री बायबल कॉलेजातली. १९९३ साली त्यांनी ‘व्हेजीटेल्स’ सुरू केले. तेव्हाच्या काँप्युटर अ‍ॅनिमेशनमध्ये हात, पाय, केस, कपडे दाखवणे फार अवघड होते, म्हणून बिनहातापायांची पात्रे हवी होती. व्हिशर यांनी आधी चॉकलेटची वडी काढून पाहिली. मुले गोडाच्या प्रेमात पडलेली आयांना आवडणार नाहीत, असे पत्नीने सुचवल्यावर वडीची काकडी झाली. लॅरी काकडी आणि बॉब टोमॅटो बायबलमधल्या कथा सांगू लागले. विनोदाला मोकळीक होती, पण येशूला भाजीच्या रूपात दाखवायचे नाही हा नियम पक्का होता. श्रद्धेची थट्टा होऊ न देता खळखळून हसवणे सोपे नसते. या दोघांना ते साधले होते.

२००२ मध्ये त्यांच्या ‘बिग आयडिया’ कंपनीचा पहिला चित्रपट ‘जोना’ आला. त्यातही निवेदक हेच तीन चाचे. चित्रपटाने अडीच कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला, तरीही कंपनी तगली नाही. खर्च आवाक्याबाहेर गेला होता, त्यातच जुन्या व्हिडिओ वितरकाने कराराचा दावा लावला. २००३ साली डॅलसमधल्या ज्यूरीने वितरकाला १ कोटीहून अधिक डॉलर भरपाई दिली. बिग आयडिया दिवाळखोरीत गेली आणि क्लासिक मीडियाने ती विकत घेतली. २००५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण तोवर कंपनी परक्या हाती गेली होती.

मग २००६ च्या सप्टेंबरात एनबीसी वाहिनीने शनिवार सकाळी व्हेजीटेल्स दाखवायला घेतले आणि भागांमधले देवाचे उल्लेख कापले. व्हिशर यांनी आपली नाराजी उघड बोलून दाखवली. ती रास्तच होती, कारण ज्या वाक्यासाठी सगळी गोष्ट रचली, तेच गळले होते.

चाच्यांच्या चित्रपटाची पटकथा व्हिशर यांची, दिग्दर्शन नॉरॉकी यांचे आणि अ‍ॅनिमेशन टोरांटोच्या स्टुडिओतले. यात देवाचे नाव जवळजवळ येतच नाही. इथे मात्र कोणी कात्री चालवलेली नव्हती. गोष्टच रूपकाची होती. चाच्यांचे नाटक दाखवणाऱ्या एका उपाहारगृहात तिघे नोकर असतात: एक भित्रा, एक आळशी, एक स्वतःवर विश्वास नसलेला. संकटातल्या राजकन्येने मदत शोधायला धाडलेला सोन्याचा गोळा नेमका यांनाच गाठतो आणि सतराव्या शतकात नेऊन सोडतो. बोलावणारा राजा चांगला आहे, तो धाडतो तेव्हा वाटेतली सोयही करतो, हा विचार कथेत मुरलेला आहे. शूर असाल तरच निघा, असे हा चित्रपट सांगत नाही. आधी निघा म्हणतो. चर्चमध्ये वाढलेल्या मुलाला राजा कोण ते सांगावे लागत नव्हते, इतरांना ती निव्वळ साहसकथा होती.

समीक्षकांचे मत दुभंगले. कोणाला निरागसपणा आवडला, कोणाला कथा लहानग्यांपुरतीच वाटली. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चा तिसरा भाग २००७ मध्येच येऊन गेला होता, त्या थाटापुढे दीड कोटी डॉलरच्या या चित्रपटाची गलबते खेळण्यातली दिसणारच. पहिल्या शनिवार-रविवारअखेर सुमारे ४२ लाख डॉलर जमले. एकूण कमाई सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे ‘जोना’च्या जेमतेम निम्मी. चित्रपटगृहांसाठी व्हेजीटेल्सचा तिसरा चित्रपट झाला नाही. २०१२ मध्ये क्लासिक मीडिया ड्रीमवर्क्सकडे गेली, आणि २०१४ पासून या भाज्या नव्या रूपात नेटफ्लिक्सवर दिसू लागल्या.