शेवाळ खाणाऱ्यांची भूक

अंबाजोगाईतल्या माझ्या दोन फुटी टाकीत ५ ओटोसिंक्लस आहेत. अशा माशांना सगळे ‘सफाई कामगार’ म्हणतात. हे नावच त्यांच्या जिवावर उठतं.

१८५० च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टननं काचपात्रात दोन गोल्डफिश आणि पाणवनस्पती ठेवल्या. पानं सडली, शेवाळ माजलं, पाणी गढूळलं. त्यानं तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळलं. घरगुती मत्स्यालयाचं शास्त्र इथं रुजलं. पण आपण लक्षात ठेवली ती सफाई. गोगलगायींसाठी ते जेवण होतं, हे विसरलो.

आपल्या नद्यांत दगडावरचं शेवाळ खरवडणारा ‘मळ्या’ आहे. १८३९ मध्ये कर्नल साइक्सनं दख्खनचे मासे नोंदवताना हेच मराठी नाव शास्त्रीय नावात घेतलं. आज तो ‘गारा मुल्या’. त्याला नदीनं कामावर ठेवलेलं नाही. दगडावर अन्न उगवतं, म्हणून तो तिथं टिकतो.

ओटोसिंक्लस बहुतेकदा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडून आणलेले असतात. प्रवासात उपाशी राहिलेला हा इवलासा मासा नव्या, चकचकीत टाकीत भुकेनं मरतो. म्हणून टाकी आधी काही महिने मुरू द्या, मागची काच हिरवीच ठेवा. शेवाळ संपलं तर काकडीची वाफवलेली चकती टाका. पोट गोल दिसलं पाहिजे.